गोव्याच्या दमट हवेत नव्या प्लास्टरला रंग कधी लावायचा

गोव्यात बांधकामाचं वेळापत्रक पाऊस आणि चवथ ठरवतात. पावसाआधी भिंतींना प्लास्टर मारून घ्यायचं आणि चवथीआधी रंग लावून घर गणपतीला तयार ठेवायचं, असा बहुतेकांचा बेत असतो. कागदावर तो चोख दिसतो. मे अखेर प्लास्टर, भाद्रपदात चवथ, म्हणजे मधे तीन महिने हातात. रंगाच्या कंपन्या तर साधारण २८ दिवसच थांबायला सांगतात. तरीही दिवाळी येईपर्यंत त्याच भिंतीवर पापुद्रे निघतात, खार फुलतो, गडद रंगावर पांढरट नकाशे उमटतात. मग गवंडी रंगाऱ्याकडे बोट दाखवतो, रंगारी दुकानदाराकडे आणि दुकानदार पुन्हा गवंड्याकडे.

ते २८ दिवस कुठल्या हवेतले, हे कुणी विचारलेलंच नसतं. भिंत सुकण्याच्या हिशोबात गोव्यातले जून ते सप्टेंबर हे महिने जवळजवळ शून्य धरावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. रंग कधी लावायचा हे कॅलेंडरवर बघू नका, भिंतीवर बघा. भिंत तपासायला लागणारं सामान दोन-चारशे रुपयांत येतं.

आधी भिंतीच्या आत काय चालतं ते

प्लास्टर मारल्यावर भिंतीत दोन कामं एकामागून एक होतात. लोक ती एकच समजतात आणि घोळ तिथेच सुरू होतो.

पहिलं काम पिकण्याचं. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं, त्यासाठी त्याला ओलच लागते. म्हणून आपण पाणी मारतो. किमान सात दिवस. हल्ली मिळणारं बहुतेक सिमेंट फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग मिसळलेलं असतं, त्याला दहा दिवस दिलेले बरे. या काळात भिंत सुकवायची घाई करणं म्हणजे प्लास्टर कच्चं ठेवणं. पंखे, हॅलोजन, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) यातलं काहीही इथे लावायचं नाही. कच्चं प्लास्टर नखाने खरवडलं तर वाळू सुटते, आणि अशा भिंतीवर कितीही महागडा रंग दिला तरी तो वाळूसकट निघतो.

दुसरं काम सुकण्याचं. सिमेंटला लागलं त्याहून जास्त पाणी गिलाव्यात शिल्लक असतं. किती? दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. दारं-खिडक्या वगळून सुमारे ३७ चौरस मीटर भिंत, तिच्यावर १५ मिलिमीटर गिलावा. त्यातून बाहेर पडायचं पाणी ढोबळमानाने शंभर लिटर निघतं. भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची) असेल तर पाणी मारताना चिऱ्याने प्यालेलं वेगळंच.

हे शंभर लिटर हवेतून जायचं आहे. २७ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २६ ग्रॅम वाफ धरते. जुलैत आर्द्रता ९० टक्क्यांवर असते, म्हणजे त्या हवेत आधीच २३ ग्रॅम भरलेले. उरली जागा अडीच ग्रॅमची. डिसेंबरातल्या दुपारी ३२ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर तीच हवा आणखी १७ ग्रॅम घेऊ शकते. खोलीतली सगळी हवा एकदा बदलली की जुलैत फार तर ९० ग्रॅम पाणी बाहेर जातं, डिसेंबरात साडेपाचशेच्या वर. पावसात खिडक्या उघड्या टाकून भिंत सुकेल असं मानणाऱ्याने हा हिशोब एकदा करून बघावा.

याशिवाय अल्कलीची भानगड आहे, आणि ती कोरड्या दिसणाऱ्या भिंतीतही असते. सिमेंट पिकताना त्यातून चुना सुटतो. ताज्या प्लास्टरचा पीएच, म्हणजे अल्कलीचं माप, १२ ते १३ इतका चढा असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून या चुन्याचं चुनखडीत रूपांतर करतो आणि पृष्ठभागाचा पीएच उतरतो. पण त्यासाठी गिलाव्याची छिद्रं मोकळी हवीत. ती पाण्याने भरलेली असली तर कार्बन डायऑक्साइडचा आत जाण्याचा वेग हजारो पटींनी मंदावतो. म्हणजे पावसाळ्यात भिंत सुकत तर नाहीच, तिची अल्कलीही उतरत नाही. मे महिन्यात मारलेलं प्लास्टर ऑक्टोबरात पाच महिन्यांचं होतं, पण रंगाच्या दृष्टीने ते दोन-तीन आठवड्यांचंच असू शकतं.

प्लास्टर कधी मारावं

ज्यांच्या हातात अजून वेळ आहे त्यांच्यासाठी. गोव्यात प्लास्टरला सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऊन बेताचं, पाणी टिकतं, आणि पिकून झाल्यावर पुढे सुकायला कोरडे आठवडे मिळतात. डिसेंबरात प्लास्टर, फेब्रुवारीत रंग, हा माझ्या मते उत्तम क्रम. मार्च-एप्रिलमध्ये चालेल, पण बाहेरच्या भिंतींवर दुपारी गोणपाट ओलं करून लावावं लागेल, नाहीतर केसासारख्या चिरा पडतात. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात बाहेरचं प्लास्टर केलंत तर त्या वर्षी रंगाचा विषय डोक्यातून काढून टाका.

ऑक्टोबरात काम धरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. पावसाळ्यात उघडी राहिलेली चिऱ्याची भिंत स्पंजासारखी पाणी धरते. किनाऱ्यापेक्षा सत्तरी-सांग्याकडे पाऊस जास्त, तिथे तर अशी भिंत नोव्हेंबरातही हाताला गार लागते. तिच्यावर लगेच गिलावा मारला तर पुढे गिलाव्याचं पाणी आणि मागे चिऱ्याचं, दोन्ही त्याच बाजूने बाहेर येणार, आणि येताना क्षार घेऊन येणार. भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत जाणं आधी बंद करा, तिला काही आठवडे वारा लागू द्या, मग गवंड्याला बोलवा.

वाळू विकत घेताना चव बघायला लाजू नका. खाडीच्या तोंडाजवळची वाळू खारट असते आणि मीठ हवेतली ओल खेचतं. खारट वाळूच्या भिंतीला दर पावसाळ्यात घाम फुटतो, त्याला रंगात उपाय नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणीही त्याच पंगतीतलं.

पाणी मारणं थांबलं, आता थांबायचं कसं

शेवटचं पाणी मारलं ती तारीख भिंतीवरच पेन्सिलीने लिहून ठेवा. मोजणी तिथून. प्लास्टर कधी मारलं ती तारीख इथे कामाची नाही.

कोरड्या ऋतूत खिडक्या सकाळी दहाच्या सुमारास उघडायच्या आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला बंद करायच्या. रात्रभर उघड्या ठेवू नका. गोव्यात हिवाळ्यातही पहाटे दव पडतं, आणि रात्रीची ओली हवा आत घेतली तर दिवसभराची कमाई जाते. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात. एकीतून हवा आत येऊन तिथेच फिरत राहिली तर उपयोग नाही. पंखा भिंतीवर रोखण्यापेक्षा खिडकीत, बाहेर तोंड करून ठेवा.

दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि एकदा आत, एकदा बाहेर ठेवून आकडा बघा. आतलं आणि बाहेरचं तापमान जवळपास सारखं असेल तर सरळ तुलना चालते: बाहेरची आर्द्रता कमी असेल तेव्हाच उघडा.

पावसाळ्यात मात्र उलटं. सुकवायचंच असेल तर खिडक्या पूर्ण बंद करून डीह्युमिडिफायर लावा. आपल्याकडच्या उबदार दमट हवेत हे यंत्र छान चालतं, मध्यम आकाराचं यंत्र दिवसाला दहा-बारा लिटर पाणी काढतं. खोलीत एसी बसवलेला असेल तर तो ड्राय मोडवर चालवला तरी थोडं काम होतं. हे सगळं एकेका खोलीत करायचं, दार लावून आणि दाराखालच्या फटीत कापड कोंबून. पण भिंतीची दुसरी बाजू बाहेर पावसात भिजत असेल तर तुम्ही सह्याद्रीवरचं पाणी बादलीत भरताय एवढंच. आतल्या आडभिंतींना हा उपाय लागू पडतो, बाहेरच्या भिंतींना फारसा नाही.

मेमध्ये बाहेर प्लास्टर झालंच असेल तर ताडपत्री किंवा माडाचे झाप लावता येतात. ताडपत्री भिंतीला चिकटवून बांधायची नाही. वासे पुढे काढून हातभर अंतर ठेवा, वर-खाली हवा खेळली पाहिजे. चिकटलेल्या ताडपत्रीमागे भिंत आंबते आणि हिरवी होते.

भिंतीला विचारायचं कसं

रंगारी भिंतीवर हात ठेवून म्हणेल, “सुकलां रे, हात लावन पळय” (सुकलंय रे, हात लावून बघ). त्याचा हात खोटं बोलत नाही, पण तो फक्त वरचा एक-दोन मिलिमीटर सांगतो. आतलं पाणी हाताला लागत नाही.

डोळ्याने सुरुवात करा. सकाळच्या तिरप्या उजेडात सबंध भिंत एकाच राखाडी छटेची दिसायला हवी. काळसर डाग साधारण ठरलेल्या जागी असतात: जमिनीलगतची फूटभर पट्टी, खोलीचे कोपरे, खिडकीच्या पाटाखाली, आणि वायरिंगसाठी भिंत फोडून नंतर बुजवलेल्या जागा. त्या बुजवलेल्या पट्ट्या विसरू नका. भिंत महिन्याची असली तरी त्या पट्टीत इलेक्ट्रिशियनने परवा भरलेला माल असतो आणि तो गिलाव्याहून जाडही असतो. रंगात पहिली रेघ तिथेच उमटते.

दिसलेल्या प्रत्येक काळसर डागाच्या कडेने पेन्सिलीने रेषा ओढा आणि तारीख लिहा. आठवड्याने नवी रेषा. गिलाव्याचं पाणी असेल तर डाग आठवड्यागणिक आक्रसतो. डिचोलीतल्या एका घरात न्हाणीच्या मागच्या भिंतीवर अशा तीन रेषा होत्या. पहिल्या दोन रेषांमध्ये चांगलं वीतभर अंतर, दुसरी आणि तिसरी मात्र एकमेकींना चिकटलेल्या, आणि दोन्ही फरशीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर. फोडून बघितलं तर पाइपचा सांधा झिरपत होता. तारखेच्या रेषा नसत्या तर सगळे ‘नवं प्लास्टर आहे, सुकेल’ म्हणत बसले असते. डाग थांबला तर गळती शोधा. तो जमिनीपासून सलग पट्टीने वर चढलेला असेल आणि वरच्या कडेला पांढरी रेघ असेल तर जोत्यातून ओल चढते आहे. पावसागणिक वाढत असेल तर छज्जा, पॅरापेट किंवा बाहेरची चीर बघा. या तिन्ही गोष्टी थांबून सुकत नाहीत.

मग प्लास्टिकची चाचणी. दीड फूट लांब-रुंद स्वच्छ, जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या. भिंत त्या जागी ब्रशने झाडून घ्या, नाहीतर चिकटपट्टी धरत नाही. चारही कडा रुंद पट्टीने हवाबंद करा आणि २४ तास ठेवा. दुसऱ्या दिवशी काढण्याआधी प्लास्टिकची बाहेरची बाजू बोटाने पुसून बघा. तिथेच पाणी असेल तर ते खोलीतल्या हवेचं, चाचणी बाद. बाहेर कोरडं आणि आत थेंब असतील, किंवा झाकलेला चौकोन आजूबाजूपेक्षा काळसर पडला असेल, तर भिंत ओली आहे. आठवडाभर थांबून पुन्हा. एका खोलीत निदान तीन ठिकाणी करा: जमिनीपासून फूटभर वर, बाहेरच्या भिंतीवर, आणि न्हाणीला लागून असलेल्या भिंतीवर. मधल्या उंचीवर, दाराशेजारी, सोयीच्या जागी केलेली चाचणी नेहमी पास होते.

दोन सुयांचा ओलमापक असेल तर वापरा, पण त्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको. बहुतेक स्वस्त मापक लाकडासाठी बनवलेले असतात. भिंतीवर त्यांचा आकडा फक्त तुलनेपुरता. घरातली एखादी जुनी, खात्रीची कोरडी भिंत मोजा, तो तुमचा पाया. नवी भिंत त्याच्या जवळ आली की झालं. क्षार असलेल्या जागी आणि बीम-भिंतीच्या सांध्यावर लावलेल्या जाळीजवळ मापक उगाच चढा आकडा दाखवतो.

शेवटची चाचणी पीएचची, आणि हीच बहुतेक जण टाळतात. लिटमसने भागत नाही. १ ते १४ पट्टीचा पीएच कागद लागतो, प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो. पोहण्याच्या तलावासाठीच्या पट्ट्या आणू नका, त्यांची मजल साधारण साडेआठ-नऊच्या पुढे जात नाही. पाणी नळाचं नको. गॅरेजमध्ये किंवा पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं पाणी मिळतं, ते चालतं. भिंतीवर चार-पाच थेंब टाका, बोटाला हातमोजा घालून हलके चोळा, मिनिटभर थांबा, आणि कागद ओल्या जागी दाबून रंग डबीवरच्या पट्टीशी जुळवा. गडद निळा-जांभळा आला तर १२ च्या आसपास आहे, अजून वेळ आहे. ९ ते १० च्या खाली आल्यावर बहुतेक पाण्याचे रंग निर्धास्त चालतात. अल्कली सोसणारे खास प्रायमर याहून वरही चालतात, पण किती ते त्या-त्या डब्यावर लिहिलेलं असतं, तेच प्रमाण मानायचं.

पीएच उतरत नाही म्हणून भिंत अ‍ॅसिडने धुण्याचा सल्ला मिळेल. धुऊ नका. म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड चुन्याशी मिळून कॅल्शियम क्लोराइड तयार करतं, आणि ते हवेतली ओल ओढून घेणाऱ्या क्षारांमध्ये अव्वल आहे. शिवाय धुण्याने भिंत पुन्हा ओली झालीच.

खार आला असेल तर

सुकताना भिंतीवर पांढरी कापसासारखी बुरशी दिसली की लोक घाबरतात. ती बुरशी नव्हे, खार. पाणी बाहेर आलं आणि त्याच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर राहिले, म्हणजे भिंत आपलं काम करते आहे. कोरड्या, ताठ ब्रशने झाडून काढा, खाली पडलेली पूड उचलून टाका. पाण्याने पुसलं तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. दर आठवड्याला झाडत राहा. सलग दोन आठवडे नवा खार आला नाही की समजा तो ओघ आटला. खार येत असताना रंग लावलात तर स्फटिक रंगाच्या पापुद्र्यामागे वाढतात आणि त्याला ढकलून पाडतात.

प्रायमर, पुट्टी आणि रंग

चाचण्या पास झाल्या. आता भिंत पॉलिशपेपरने हलकी घासा, धूळ झाडा. पुट्टी लावायची तर पांढऱ्या सिमेंटची. तिच्या पिशवीवर ‘ओलसर भिंतीवरही चालते’ असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. पण पुट्टी ओलीवर बसते म्हणून रंगही बसेल असा अर्थ काढू नका. ती आतली ओल खात नाही. दोन हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. प्लास्टर ऑफ पॅरिस बाहेरच्या भिंतीला आणि न्हाणीजवळ अजिबात नको, ओल लागली की ते मऊ पडतं.

प्रायमरच्या बाबतीत मी ठाम आहे: नव्या सिमेंटवर तेलाचा प्रायमर नको. जुने रंगारी अजून तोच आणतात, ‘तेल ओल दाबून ठेवतं’ म्हणतात. तेल आणि अल्कली एकत्र आले की साबण होतो, अक्षरशः. ओल आणि अल्कली मिळून तेलाच्या थराचा चिकट, पिवळट लगदा करतात आणि त्यावरचे सगळे हात त्याच्यासकट सुटतात. स्वयंपाकघरात कमरेपर्यंत ऑइल पेंट मारायची जुनी पद्धत आहे, तीही पहिल्या वर्षी टाळा. पाण्याचा, अ‍ॅक्रिलिक, अल्कली सोसणारा प्रायमर घ्या. ‘डॅम्प-प्रूफ’ म्हणून आतून लावायचे जाड लेप नव्या भिंतीवर म्हणजे ओल कोंडणं. बाहेर रबरासारखे ताणणारे जाड कोटिंगही पहिल्या वर्षी नको. वाफ बाहेर जाऊ देणारा साधा एक्स्टीरिअर अ‍ॅक्रिलिक बरा.

भिंतीला श्वास घ्यायला एक बाजू तरी मोकळी ठेवा. मार्च-एप्रिलला प्लास्टर झालं आणि मेमध्ये बाहेरची बाजू चाचणीत पास झाली, तर बाहेर प्रायमर आणि रंग उरकून पाऊस अडवा, आत मात्र पाऊस संपेपर्यंत कोरं ठेवा. दोन्ही बाजू एकदम रंगवण्यापेक्षा हे शंभर पटीने शहाणपणाचं.

रंगछटेचाही विचार करा. गोव्याच्या घरांवर पिवळी माती, काव, तांबडा असे रंग पिढ्यान्‌पिढ्या दिसतात. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये गल्लीच्या गल्ल्या आहेत. या छटांमागे लोहाचे ऑक्साइड असतात आणि ते चुन्यात टिकतात, म्हणूनच चुन्याच्या काळात ते रुजले. सगळे निळे तसे नसतात. प्रशियन निळा अल्कलीत मरतो, आणि काही चमकदार गुलाबी-जांभळ्या छटाही नव्या सिमेंटवर डागाळतात. निळ्याचा हट्ट असेल तर दुकानदाराला छटा अल्कली-स्थिर आहे का ते विचारून घ्या. पहिल्या वर्षी मॅट फिनिश घ्या. चकचकीत, धुता येणारे रंग वाफ कमी सोडतात.

काम सुरू करण्याची वेळ हिवाळ्यात सकाळी दहानंतर. बाहेरची भिंत पहाटेच्या दवाने ओली असते, ती सुकू द्या. चारच्या पुढे बाहेर नवा हात धरू नका. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. भिंतीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्यापेक्षा) निदान तीन अंशांनी वर हवं, असाही नियम आहे. २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २५ च्या आसपास येतो, म्हणजे तळमजल्याची सावलीतली चिऱ्याची भिंत पावसाळ्यात या नियमात बसतच नाही. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेले चार-सहा तास हे बेताच्या आर्द्रतेचे. दमट दिवसांत सरळ रात्र जाऊ द्या. संध्याकाळी उशिरा मारलेल्या गडद रंगावर सकाळी चिकट, चमकणारे ओघळ दिसले तर तो रंगातला साबणासारखा घटक दवामुळे वर आलेला असतो. साध्या पाण्याने हलकं धुतलं की बहुधा जातो. रंग खराब झाला म्हणून रंगाऱ्याशी भांडू नका.

चवथ तोंडावर आली आणि भिंत ओली असेल तर

हा प्रश्न दरवर्षी पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरोघरी असतो, आणि ‘थांबा’ हे उत्तर घरातल्या मोठ्यांना पटत नाही. मग काय करता येईल?

चुना लावा. विरवलेला चुना गाळून, पातळ करून, दोन-तीन हात. चुना स्वतःच अल्कली आहे, त्याला भिंतीच्या अल्कलीचं भय नाही, आणि तो वाफ अडवत नाही. मागे भिंत सुकत राहते. हवी तर चिमूटभर पिवळी माती घाला, छान उजळ पिवळट छटा येते. मात्र पुढे अ‍ॅक्रिलिक रंग लावायचा असेल तेव्हा हा चुना खरवडून, घासून काढावा लागेल. भुकटीवर रंग धरत नाही. ती मजुरी आत्ताच हिशोबात धरा. बाहेरच्या भिंतीसाठी सिमेंट पेंट हा तसाच दुसरा पर्याय, फक्त त्याला रंग लावल्यावर पाणी मारावं लागतं.

खरवडण्याचा त्रास नको असेल तर गणपतीची खोली तेवढी कापडाने सजवा. पाटामागे जरीच्या साड्या नाहीतर पडदा, वर माटोळी, म्हणजे फळं-फुलं बांधलेली चौकट. ओल्या, कच्च्या भिंतीकडे कुणाची नजर जात नाही. बघणारे माटोळीला काय काय बांधलंय ते मोजत असतात. जुन्या, कोरड्या भिंती रंगवून घ्या आणि नव्या तशाच ठेवा. फक्त एक करू नका: ‘सध्या एकच हात मारून ठेवू’. तो एक हात सुकणं अडवतो आणि पुढच्या सगळ्या हातांचा पाया कच्चा करतो.

रंग लावून झाला आणि फुगे आले

फुगा सुरीने फोडून बघा. फुग्याच्या मागे भिंत ओली लागली तर पाणी अजून आत आहे. सुटलेला सगळा रंग पत्र्याने खरवडा, जिथे घट्ट धरलाय तिथपर्यंत, आणि तो पट्टा आठवडे-दोन आठवडे उघडा ठेवा. घाईने पुट्टी लावून बुजवू नका. पेन्सिलीची रेषा, प्लास्टिक, पीएच, सगळं पुन्हा. फुग्यामागे पांढरी पूड असेल तर खार, कोरड्या ब्रशने झाडा. चिकट पिवळट थर निघाला तर तेलाचा प्रायमर साबण झालाय. तो पूर्ण काढल्याशिवाय वर काहीही टिकणार नाही, आणि इथे सबंध भिंत खरवडण्याची तयारी ठेवा.

पहिल्या पावसाळ्यात कपाटं, पलंगाचा माथा, फ्रिज नव्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. मागे हवा खेळली नाही की काळे ठिपके येतात. आले तर ब्लीचिंगचं द्रावण एकास तीन पाण्यात करून, खिडकी उघडी ठेवून पुसा, दहा-पंधरा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसा. त्या बादलीत अ‍ॅसिड किंवा संडास धुण्याचं द्रव्य चुकूनही पडू देऊ नका, विषारी वायू सुटतो. जागा पूर्ण सुकल्यावरच उरलेल्या रंगाचा हात द्या, आणि त्यासाठी रंगाऱ्याकडून निदान अर्धा लिटर रंग झाकण घट्ट लावून, डब्यावर छटेचा क्रमांक लिहून मागून घ्या.